कारकुनी मांड

पहिल्या भेटीत मोतद्दाराने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पोलादपुरातल्या त्याच्या अंगणात मी शिरलो, टोपी सारखी केली आणि "नमस्कार, मी महाडच्या कचेरीतून आलोय" एवढं म्हणालो. घोडीला खरारा करणारा हात न थांबवता तो म्हणाला, "फिरा."

"काय?"

"पाठ करा हिकडं. आन् त्या फणसापतुर चालून जावा."

कचेरीतल्या माणसाला अशी आज्ञा करायची त्या काळी पोलादपुरात कुणाची छाती नव्हती. पण गरज मला होती, त्याला नव्हती. मी निमूटपणे फणसापर्यंत गेलो, उगीच खोडाला हात लावला आणि परत आलो. तेव्हा कुठे त्याने खरारा खाली ठेवला.

"कारकून," तो म्हणाला. "धा-बारा वरसं झाली आसतील. गादीवर बसता. डावी मांडी खाली, उजवा गुडघा वर, गुडघ्यावर कागद. बरोबर हाय का नाय?"

अकरा वर्षं झाली होती. बाकी सगळं बरोबर होतं. एखाद्या ज्योतिष्याने घरातली लफडी सांगावीत तसा मी कानकोंडा होऊन उभा राहिलो.

हल्ली कचेऱ्यांतून टेबलं-खुर्च्या आल्या, त्यामुळे ही बैठक नव्या लोकांना ठाऊक नसेल. आम्ही लिहायचो ते भुईवर गादी टाकून. डावा पाय मुडपलेला, उजवा गुडघा उभा, त्याला फळी टेकवलेली आणि फळीवर कागद. सकाळी एकदा बसलं की दिवेलागणीलाच उठायचं. अंगाचा सगळा भार डाव्या कुल्ल्यावर. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे; उलट जो जास्त वेळ तसा बसेल तो जास्त कामसू. मोतद्दाराने या बैठकीचं नाव ठेवलं होतं 'कारकुनी मांड'. घोड्यावर मांड्यांची पकड घेऊन बसायचं त्याला मांड म्हणतात. मोतद्दाराच्या मते आम्हा लोकांना मांडी होती, मांड नव्हती.

"तुमी घोड्यावर बसाल तवाबी निम्मं अंग कचेरीतच ठेवून याल," तो म्हणाला. "मंग घोडीनं काय करायचं? तिनं एका अंगानं चालायचं?"

तो एका रिसाल्यात तीस वर्षं मोतद्दार होता. म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, स्वार नव्हे. स्वार पुढे घोड्यावर आणि हा मागून पायी, असा त्याचा जन्म गेला. त्यामुळे त्याला माणसं पाठीवरून ओळखू येत, तोंडावरून येत नसत. महाडच्या बाजारात मी समोरून येऊन हाक मारली तर तो परक्यासारखा बघत राही. मग मी हसून पाठ फिरवली की म्हणे, "आस्सं! तुमी व्हय भाऊसाहेब."

स्वतः तो कधी घोड्यावर बसला नव्हता. ही गोष्ट मला दुसऱ्या रविवारी कळली आणि मी चांगलाच हबकलो. पोलादपुरात हसायचे लोक त्याला. एकदा घाटावर निघालेल्या एका वकिलाने तोंडावरच विचारलं, "तू स्वतः बसत नाहीस, आणि आम्हाला काय शिकवतोस?" मोतद्दार तंग आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "सुईनीनं आदी सोता बाळंत व्हायला पायजे व्हय?" वकिलाने लगबगीने पाय रिकिबीत घातला म्हणतात.

त्याची बोलण्याची एक रीत होती. जमिनीवर मी 'भाऊसाहेब' आणि 'तुमी'. पाय रिकिबीत गेला की 'अरे' आणि 'तू'. मी एकदा जरा फुरंगटून कारण विचारलं. म्हणाला, "घोड्यावरचा मानूस पडाय लागला, तर 'अहो भाऊसाहेब, सांभाळा' म्हनंतोवर डोकं फुटतं. 'अरे' म्हनलं का वेळ वाचतो." मला ते पटलं. तो मला वरून एकेरीत बोलायचा, मीही त्याच्याबद्दल इथे एकेरीतच लिहितोय. फिटंफाट.

त्याची एक विधवा बहीण होती, तिला सगळा गाव आक्का म्हणे. घर तीच चालवायची आणि त्याच्या या पाठ बघण्याच्या खोडीने ती अर्धी झाली होती. आक्काच्या मुलीचं स्थळ आलं तेव्हाची हकीकत ती प्रत्येक पाहुण्याला सांगे. मुलगा मुंबईला गोदीत कामाला. चांगला, सिल्कचा सदरा घालून, केसांना तेल चोपडून आलेला. पोहे झाले, चहा झाला आणि मामा म्हणून मोतद्दाराने बोलायला सुरुवात केली. "फिरा आन् बावीपतुर चालून जावा," तो म्हणाला.

"मी म्हनलं, अरे मेल्या, पोराचं तोंड तरी बग!" आक्का डोक्याला हात लावून सांगायची. "तर ह्यो म्हनतो कसा, 'तोंड पोरगी बगंल गो. माजं काम पाठीचं.'"

मुलगा बिचारा विहिरीपर्यंत जाऊन आला. मोतद्दाराने विचारलं, "गोन उजव्या खांद्यावं घेता?" मुलगा चपापला. त्याने गोदीत क्लार्क आहे असं सांगितलं होतं. आता सगळ्यांसमोर गोणी निघाल्या. त्याचे वडील उठायच्या बेतात होते, पण मोतद्दार म्हणाला, "खांदा पडलाय, पन कंबर सरळ हाय. दारू पीत नाय ह्यो. पोरगी द्या." लग्न झालं, आणि सुखाचं झालं. मुंबईहून येताना तो जावई दर खेपेला मामासासऱ्यासाठी 'फर्स्ट क्लास' विड्यांचा पुडा आणायचा आणि अंगणात शिरताना आधी पाठ दाखवून मग नमस्कार करायचा.

आता माझं काय अडलं होतं ते सांगतो. महाडच्या कचेरीत सर्कलची एक जागा निघाली होती. सर्कल म्हणजे वीस-पंचवीस गावं बघायची, तलाठ्यांची दप्तरं तपासायची, उमरठपासून कशेडीच्या पायथ्यापर्यंत वाड्या-वस्त्यांवर फिरायचं. मोटारीचा रस्ता होता तो हमरस्त्यापुरताच, बाकी सगळी पायवाट. म्हणून घोड्यावर बसता येणं सक्तीचं. प्रांतसाहेब हिवाळ्यात दौऱ्यावर येतील तेव्हा त्यांच्यासमोर घोडा चालवून दाखवायचा. जमलं तर जागा आपली, नाही जमलं तर पुन्हा गादीवर. आणि एकदा नापास झालेल्याचं नाव पुन्हा पुढे जात नाही, हे आमच्या अव्वल कारकुनांनी मला दोनदा, फार प्रेमाने सांगितलं होतं. त्यांचा पुतण्या रांगेत माझ्यामागेच उभा होता.

पगाराचा मोह होता, नव्हता असं नाही. पण खरं कारण निराळं होतं. माझे वडीलही त्याच कचेरीत, त्याच गादीवर, चौतीस वर्षं बसले. ते गेले तेव्हा त्यांचा उजवा गुडघा सरळ होईना. तिरडीवर सगळे नीट निजतात. माझे वडील गुडघा वर करून निजले होते. खांदेकऱ्यांनी दोनदा दाबून पाहिला, शेवटी वरून दोरी जरा ढिली बांधली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आणि सुतक फिटल्यावर त्यांच्याच जागी मला चिकटवून घेतलं. मला त्या गादीवर मरायचं नव्हतं. दुसरं काहीही चाललं असतं.

म्हणून दसऱ्यानंतर दर शनिवारी दुपारी मी बैलगाडीने किंवा चालत महाडहून निघे, रात्री पोलादपुरात एका नातेवाइकाकडे झोपे आणि रविवारी दिवसभर मोतद्दाराच्या तांबडीवर बसे. तांबडी त्याची एकुलती एक घोडी. घाट चढणाऱ्या लोकांना तो ती भाड्याने देई, पण आधी अंगणात एक फेरी घ्यायला लावून. वाकडा बसणारा असेल तर "घोडी आजारी हाय" म्हणून वाटेला लावी. घोडी शेजारी उभी राहून मजेत गवत खात असे. लोक चिडायचे. त्याला फरक पडत नसे.

शिकवायची त्याची तऱ्हा सांगतो. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की हाताला लाल रंग लागतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मोतद्दार तोडलेल्या सागाच्या बुंध्यावर फुटलेल्या धुमाऱ्यांची कोवळी पानं आणायचा आणि माझ्या दोन्ही मांड्यांखाली, खोगिराच्या वर, एक एक पान ठेवायचा. मी पांढरी तुमान घालून यायची, असा हुकूम. तासभर बसून उतरलो की तो मला खांबाशी उभा करून मांड्यांचा आतला भाग बघे. डाव्या मांडीला रक्त सांडल्यासारखा लालभडक डाग आणि उजवीला नुसती गुलाबी छटा.

"बग," तो म्हणे. "डावी घोडीवर हाय. उजवी पावनी आलीय."

तो रंग धुऊन जात नाही. सोमवारी मी ती तुमान वाळत घातली की आळीतल्या बायका एकमेकींकडे बघत. कचेरीत कुणीतरी कुजबुज उठवली की मला काही गुप्त रोग झाला आहे आणि तोही एकाच अंगाला. अव्वल कारकुनांनी मला बाजूला घेऊन महाडच्या एका वैद्याचं नाव सुचवलं.

डाग सारखे होईनात, तेव्हा मोतद्दाराने रोग मुळाशी गाठला. "आजपास्नं कचेरीत डावा गुडघा वर घेऊन लिवायचं. उजवी मांडी खाली." मी म्हटलं, अहो, अक्षर बिघडेल. म्हणाला, "अक्षराला पाठ नसती." मी तसं लिहायला लागलो. पहिल्या आठवड्यात माझ्या ओळी घाट उतरल्यासारख्या कागदाच्या कोपऱ्यात जाऊ लागल्या. अव्वल कारकून चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे काय, नकाशा काढलात का?" कमरेत अशी कळ यायची की मला उठून उभं राहता येईना. मग मोतद्दाराने मला महाडजवळच्या सव गावी पाठवलं. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात सकाळी अर्धा तास बसायचं, आणि बसायचं तेही कुल्ले दोन्ही दगडावर टेकवून. तिथे खरजेचे, संधिवाताचे रोगी यायचे. त्यांनी आस्थेने विचारलं, "तुमास्नी काय झालंय?" मी म्हटलं, "मी कारकून आहे." त्यांनी सहानुभूतीने मला जागा करून दिली.

या सगळ्याहून अवघड होता तो त्याचा एक प्रश्न. मी घोडीवर डोळे मिटून बसायचं, तो मागून चालायचा आणि मध्येच विचारायचा, "तिला कुठं लागतंय?"

मी सांगायचो, मला कमरेत दुखतंय.

"तुला नाय इच्यारलं. तिला कुठं लागतंय?"

आता घोडीला कुठे लागतंय ते मला कसं कळावं? मी अंदाजाने काहीतरी सांगे, डावीकडे, मानेखाली, मागे. तो "नाय" म्हणे आणि पुढे काही सांगत नसे. दोन महिन्यांत मला एकदाही बरोबर उत्तर देता आलं नाही. तेवढं सोडलं तर बाकी सुधारणा बरी होती. डाव्या मांडीचा डाग फिका होत होता, उजवीचा गडद. मोतद्दार म्हणाला, अजून महिना द्या.

महिना नव्हता. प्रांतसाहेबांचा दौरा ठरला, मार्गशीर्षातला एक मंगळवार. सरावासाठी म्हणून आधीचे आठ दिवस मोतद्दाराने तांबडी माझ्याबरोबर महाडला दिली. ही फार मोठी गोष्ट होती. ती घोडी त्याने कधी कुणाकडे एक रात्रही ठेवली नव्हती. देताना मला सांगितलं, "रिकिबी सारख्या हायत. त्यांस्नी हात लावू नका."

आणि मी लावला. महाडला नदीकाठच्या मैदानात मी फेऱ्या मारायचो, तेव्हा बघे जमायचे. अव्वल कारकुनांचा पुतण्याही असायचा. एके दिवशी तो म्हणाला, "डावा खांदा अजून खालीच दिसतो हो तुमचा." मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी मी डाव्या रिकिबीची वादी एक भोक वर घेतली. एकच भोक. त्याने डावा पाय वर उचलला गेला आणि खांदे सरळ दिसायला लागले. मी मनात म्हटलं, म्हातारा दोन महिने जे करू शकला नाही ते एका भोकात झालं. भार मात्र होता तिथेच होता. उलट आता मी सगळा त्या एका रिकिबीवर उभा राहत होतो आणि खोगीर दर पावलाला डावीकडे घासत होतं. चौथ्या दिवशी खोगीर काढताना मला घोडीच्या मानेच्या मुळाशी, खोगिराखालचे केस उभे राहिलेले दिसले. हात लावला तर जागा गरम होती. मी स्वतःची समजूत घातली की घाम असेल. स्वतःची समजूत घालायला आम्हा कचेरीतल्या लोकांना वेळ लागत नाही.

रविवारी शेवटचं दाखवायला म्हणून पोलादपूरला गेलो. वादी आधीच पूर्ववत केली होती. मोतद्दाराने खोगीर उतरवलं, तळवा घोडीच्या पाठीवरून नेला आणि तो एका जागी थांबला. रुपयाएवढी कातडी सोलवटली होती, कडेने सूज. पाठ लागली होती.

रिकिबीची वादी हातात घेऊन त्याने भोकं पाहिली. वरच्या भोकाची कड ताणून लांबोडी झाली होती. त्याने ती मला दाखवलीही नाही, नुसती सोडून दिली.

"ईस दिवस," तो म्हणाला. "ईस दिवस तिच्या पाठीवर काय ठेवायचं नाय."

"परवा परीक्षा आहे," मी म्हटलं.

दुसरं जनावर मिळण्यासारखं नव्हतं. गावातली बसायची दोन तट्टं एका वऱ्हाडाबरोबर घाटावर गेली होती, आणि महाडात जमादाराचा घोडा होता तो माणसं चावायचा. मी मोतद्दारापुढे अक्षरशः गयावया केली. अर्ध्या तासाचं काम आहे, म्हटलं. चालवत नेतो, चालवत आणतो. वरून नवी घोंगडी घालतो, साहेबाला दिसणार नाही.

आक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमच्या पाठीवर आसा फोड आला, तर वरून कोट घालून मिरवाल काय भाऊसाहेब?"

मी मोतद्दाराला वडिलांच्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. आजवर बायकोलाही सांगितली नव्हती. तो खाली बसून ऐकत होता. सांगताना मला रडू आलं, आणि त्या रडण्यात किती खरं होतं आणि किती घोडी मिळवण्यासाठी होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

तो उठला. "मंगळवारपतुर घोडी तुमाला दिल्याली हाय," तो म्हणाला. "दिल्यालं मी मागं घेत नाय. पन खोगीर मी घालनार नाय. तुमच्या हातानं घाला." आणि तो मागच्या परसात निघून गेला.

आक्काने खुंटीवरची चुंबळ काढली. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ते चिंध्यांचं कडं. ती माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "जखम मदी ठेवून भवती ही ठेवा. वरनं खोगीर. सरळ बसलात तर तिला लागनार नाय. डावीकडं कललात तर ह्या चुंबळीचा काय उपेग नाय."

सोमवारी मी घोडी पायी महाडला नेली. खोगीर माझ्या डोक्यावर होतं. मंगळवारी सकाळी मैदानाच्या कडेला मी स्वतःच्या हाताने जखमेभोवती चुंबळ बसवली आणि वर खोगीर ठेवलं. तांबडीच्या अंगावर काटा आला, तिची कातडी पोटापर्यंत थरथरली. पण ती जागची हलली नाही. एवढी शहाणी घोडी होती ती. तिने एक लाथ झाडली असती तर बरं झालं असतं.

प्रांतसाहेब खुर्चीवर बसले होते. मागे मामलेदार, अव्वल कारकून, निम्मं महाड. आधी चालीत एक फेरी, मग दुडक्या चालीत दोन, मग चौखूर तीन, असं ठरलेलं होतं. मी बसलो, आणि त्या चुंबळीच्या भीतीने असा बसलो की डावा कुल्ला आणि उजवा कुल्ला मला निरनिराळे जाणवू लागले. पहिल्यांदा कळलं की माझी उजवी बाजू इतकी वर्षं कुठे होती. चालीत झालं, दुडक्या चालीत झालं. घोडी माझ्याखाली सरळ चालत होती, आणि मीही.

चौखूर पहिल्या फेरीच्या शेवटी चुंबळ सरकली. कुणाला दिसली नाही. दिसण्यासारखी ती नव्हतीच. मला बसल्या जागी कळलं. मानेखाली, डाव्या अंगाला, चार बोटं मागे, तिला तिथे लागत होतं. कुणी विचारलं असतं तर त्या क्षणी मी बोट ठेवून सांगितलं असतं. अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. हात वर करून थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या, आणि त्या दोन फेऱ्यांत मी जसा सरळ बसलो तसा आधी कधी बसलो नव्हतो. नंतरही फार वेळा बसलो नसेन.

साहेब खुर्चीतून उठले आणि मामलेदारांना म्हणाले की कारकुनात अशी मांड आपण पाहिली नव्हती. मामलेदारांनी माझी पाठ थोपटली. अव्वल कारकुनांनीही थोपटली, जरा जोरात.

मी मैदानाच्या आडोशाला जाऊन खोगीर उतरवलं. चुंबळ रक्ताने भिजली होती, आणि रुपयाएवढी जखम आता तळहाताएवढी झाली होती. सत्कार, पेढे, सगळं टाकून मी तशीच घोडी घेऊन निघालो. संध्याकाळी पोलादपुरात पोचलो. मोतद्दार अंगणात कडुनिंबाचं पाणी उकळून निववत बसला होता. त्याला ते लागणार हे माहीत होतं. त्याने जखम धुतली. मी बाजूला उभा.

"झालं का काम?" त्याने विचारलं.

"झालं."

"बरं झालं," तो म्हणाला आणि पुन्हा धुवायला लागला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तांबडीची पाठ भरून यायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस त्याचं भाडं बुडालं. मी द्यायला गेलो ते त्याने घेतलं नाही. मी सर्कल झालो, स्वतःचं तट्टू घेतलं, उमरठच्या बाजूला फिरू लागलो. वाटेत पोलादपूर लागे. मोतद्दार ओट्यावरून 'रामराम भाऊसाहेब' म्हणे. मी तट्टावर बसलेला असलो तरी 'भाऊसाहेब'च. पुन्हा कधी त्याने मला 'अरे' म्हटलं नाही, आणि माझ्या पाठीकडे बघून चांगलं-वाईट काही सांगितलं नाही. मी मुद्दाम त्याच्या दारावरून सावकाश जात असे.

चार-पाच वर्षांनी कचेरीतला दुसरा एक कारकून सर्कलीच्या परीक्षेसाठी निवडला गेला. जमलं तर माझ्याच शेजारच्या सर्कलवर यायचा होता. तरणा, हुशार, आणि घोड्यावर बसला की डावीकडे कलंडायचा. मी त्याला घेऊन मोतद्दाराकडे गेलो. शिकवणारा दुसरा होता कोण? मोतद्दार आता बराच वाकला होता. मोटारी वाढल्या होत्या, घाटाला घोडी क्वचितच जाई. त्याने त्या तरण्याला फणसापर्यंत चालवलं, परत आणलं, कारकुनी मांड म्हणजे काय ते सांगितलं. मग तांबडीपाशी नेऊन तिच्या मानेवरची झूल मागे सारली. तळहाताएवढ्या जागेत पांढरे केस उगवले होते. पाठ लागलेल्या जागी केस पुन्हा येतात ते पांढरेच येतात.

"हे बगा," तो त्याला म्हणाला. "हितं माजा समद्यात चांगला शिकलेला चेला बसलावता."

तो तरणा हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची काही थट्टा आहे. "कोण हो तो?" त्याने विचारलं.

मोतद्दाराने झूल पुन्हा सारखी केली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि नावही घेतलं नाही. ते काम त्याने माझ्यावर सोडलं होतं.

"मी," मी म्हटलं.